पुढें काय?

दरवर्षीं जून महिना उजाडला म्हणजे आमच्या दारीं एका विशिष्ट प्रकारची वर्दळ सुरूं होते. ज्यांस आम्हीं या शाळेंत मराठी व इतिहास शिकविला, ते जुने विद्यार्थी आतां कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षांत गेलेले असतात. ते येतात, चपला बाहेर काढून ओसरीवर बसतात, शाळेची व जुन्या शिक्षकांची विचारपूस करितात, चहा घेतात, आणि जावयास उठतां उठतां, जणूं काय सहज आठवल्याप्रमाणें म्हणतात, “सर, पुढें काय करावें, कांहीं सुचत नाहीं.” हें बोलतांना बहुतेकांची नजर जमिनीकडे असते. येण्याचें खरें कारण तेंच, हें आम्हांस चहाच्या वेळींच कळलेलें असतें.

सेवानिवृत्तीनंतर हा प्रश्न आमच्या वाट्यास इतक्या वेळां आला कीं, तालुक्याच्या कॉलेजनें ग्रंथालयाशेजारची एक लहानशी खोली देऊं केली, तेव्हां आम्हीं ती आनंदानें घेतली. दर शनिवारीं दुपारीं तीन वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत आम्ही तेथें बसतों. दारावर ‘करिअर मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी आहे. पाटी कॉलेजची, आम्हांस ती अंमळ भारदस्तच वाटते. त्या खोलींत जें पाहिलें व ऐकिलें, त्यांतील कांहीं वार्षिकांकासाठीं लिहून द्यावें, अशी संपादकांची आज्ञा झाल्यावरून हा लेखनप्रपंच.

खोलींत येणाऱ्या दहांपैकीं आठ विद्यार्थ्यांचा पहिला शब्द ‘स्कोप’ हा असतो. “सर, सध्यां स्कोप कशाला आहे?” हा शब्द आतां खेड्यापाड्यांतून इतका रुळला आहे कीं, शेतावर खुरपणाऱ्या आईच्या तोंडींही तो ऐकूं येतो. कांहीं वर्षांपूर्वीं डी.एड.ला स्कोप होता. घरोघरचीं मुलेंमुली डी.एड. झालीं, आणि भरती थांबल्यावर हातांत पदविका घेऊन घरीं बसलीं. त्यानंतर इंजिनिअरिंगचा हंगाम आला. त्याचीही तीच गत आम्हीं पाहिली. आमचा अनुभव असा आहे कीं, स्कोपची बातमी पुण्या-मुंबईहून निघून आमच्या कृष्णाकांठच्या गांवांपर्यंत पोहोंचते तोंपर्यंत गाडी भरलेली असते, व आमच्या मुलांस उभ्यानें प्रवास करावा लागतो. म्हणून या प्रश्नाचें उत्तर आम्ही देत नाहीं. देण्याची आमची योग्यताही नाहीं. पुढील दहा वर्षांत कोणता धंदा वर येईल व कोणता बुडेल, हें ज्यांस ठाऊक आहे असें वाटतें, त्यांनीं तें खुशाल सांगावें.

उरलेल्या दोघांपैकीं एक तरी स्पर्धापरीक्षेचा असतो. या विषयावर बोलणें नाजूक आहे. कारण या परीक्षांच्या मागें केवळ विद्यार्थी नसून त्याचें सबंध घर उभें असतें. पुण्यास सदाशिव पेठेंत व नारायण पेठेंत जाऊन पाहावें. गल्लोगल्लीं अभ्यासिका, एका खोलींत चार-चार खाटा, मेसचे डबे, आणि पहांटेपासून रात्रीपर्यंत पुस्तकावर वाकलेलीं माणसें. २०१६ सालीं राज्य सरकारनें या परीक्षांची वयोमर्यादा खुल्या गटासाठीं ३३ वरून ३८ वर्षें केली. ज्यांची संधि हुकत होती, त्यांस ही सवलत निःसंशय उपकारक झाली; परंतु तिच्यामुळें थांबण्याचा काळही पांच वर्षांनीं लांबला, ही गोष्ट कोणी फारशी बोलून दाखवीत नाहीं. राज्यास चांगले अधिकारी हवे आहेत, व ते आमच्या शाळेंतून गेले तर आम्हांस अभिमानच वाटेल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्यास तहसीलदार व्हावयाचें आहे त्यानें एक दिवस तरी तहसीलदाराचें काम डोळ्यांनीं पाहिलेलें असावें. आम्ही विचारतों, “तहसीलदार झाल्यावर सकाळीं अकरा वाजतां तूं काय करीत असशील?” उत्तर येतें, “लोकांची सेवा.” “कोणती?” येथें बहुधा संभाषण थांबतें.

अशा रीतीनें समोर बसवून, प्रश्न विचारून तरुणांस वाट शोधण्यास मदत करण्याची कल्पना कांहीं आमची नव्हे. अमेरिकेंत बोस्टन शहरीं फ्रँक पार्सन्स नांवाच्या गृहस्थानें १९०८ सालीं या कामासाठीं एक कचेरी उघडली. हा मनुष्य मोठा विलक्षण होता. शिकला इंजिनिअरिंग, मग शाळेंत शिकविलें, मग वकिली केली, कायद्याचा अध्यापक झाला, महापौराच्या निवडणुकीस उभा राहून पराभूत झाला. इतके धंदे ज्यानें स्वतः चाचपून पाहिले, त्यास गरीब वस्तींतील कामकरी पोरांची चांचपड समजावी, हें साहजिकच होतें. त्याचें सूत्र तीन पायऱ्यांचें होतें: आधीं स्वतःस नीट ओळखावें, मग निरनिराळ्या कामांची खरी स्थिति जाणून घ्यावी, आणि नंतर या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. कचेरी उघडली त्याच वर्षीं सप्टेंबरांत तो वारला. त्याचें पुस्तक १९०९ सालीं, त्याच्या पश्चात् निघालें. पुढें या विद्येचा पुष्कळ विस्तार झाला, कसोट्या व प्रश्नावल्या निघाल्या. आपल्या राज्यांतही २०१६ पासून कांहीं वर्षें दहावीच्या मुलांची कल-चाचणी घेतली जात असे. चाचण्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु पार्सन्सच्या तीन पायऱ्यांपैकीं दुसरी, म्हणजे काम प्रत्यक्ष पाहणें, ही आमच्याकडे कोणीच चढत नाहीं, आणि पहिली चढावयाची तर कागदावर खुणा करून भागत नाहीं, असें आम्हांस खोलींत बसल्यापासून अधिकाधिक वाटूं लागलें आहे.

याचें एक उदाहरण सांगतों. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षांतील एक मुलगा आपल्या वडिलांसह आमच्याकडे आला. वडील शेतकरी, जमीन अडीच एकर, तीही मीठफुटीची. कृष्णेच्या पाण्यावर ऊंस घेतां घेतां आमच्या भागांत पुष्कळ जमिनी पाणथळ होऊन त्यांवर पांढरा थर आलेला आहे, हें या भागांतील वाचकांस सांगावयास नको. वडील म्हणाले, “गुरुजी, पोरगं हुशार हाय. रान तर गेलंच. आता ह्याला तेवढं साहेब करा, म्हंजे सुटलो.” मुलगा गप्प. आम्हीं वडिलांस कँटीनमध्यें चहास पाठविलें आणि मुलास आमचा नेहमींचा प्रश्न केला: “गेल्या महिन्याभरांत कोणीं न सांगतां, गुण मिळणार नसतां, तूं कोणतें काम केलेंस?” तो बराच वेळ आठवीत बसला. “तसें कांहीं नाहीं, सर,” म्हणाला. मग थोड्या वेळानें, कांहींसा ओशाळून, त्यानें पिशवींतून एक शंभर पानी वही काढली.

तींत रकाने होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पांच शेतांतील माती त्यानें वेगवेगळ्या खोलीवरून काढून आणली होती व कॉलेजच्या प्रयोगशाळेंत, तेथील शिपायाचीं बोलणीं खाऊन, तपासली होती. आम्ही मराठीचे शिक्षक. निम्में आम्हांस कळलें नाहीं. त्यानें समजावून सांगितलें तें असें कीं, पाण्यांत कालवलेल्या मातीचा सामू साडेआठाच्या वर गेला कीं जमीन चोपण समजावी, व तिला जिप्सम लागतें. आणि विद्युत्वाहकता चारच्या वर गेली कीं ती क्षारयुक्त समजावी, तिला जिप्समचा उपयोग नाहीं, तिच्यांतील क्षार पाण्यानें धुवून काढून तें पाणी जमिनीखालून बाहेर न्यावें लागतें. त्याकरितां छिद्रें असलेले नळ जमिनीखालीं पुरतात. “मग तुमच्या शेतांत कां पुरले नाहींत?” आम्हीं विचारलें. तेव्हां तो जो बोलूं लागला, तो अर्धा तास थांबला नाहीं. एकट्याच्या शेतांत नळ पुरून भागत नाहीं. पाणी ओढ्यापर्यंत न्यावयाचें तर खालच्या शेतकऱ्यानें वाट दिली पाहिजे, त्यानें दिली तर त्याच्या खालच्यानें दिली पाहिजे, आणि हा प्रश्न, सर, रसायनाचा नाहींच, भाऊबंदकीचा आहे! त्याची नजर आतां जमिनीकडे नव्हती.

इंग्रजींत धंद्यास ‘व्होकेशन’ असा एक शब्द आहे. तो ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा अर्थ हांक मारणें. शाळेंत असतां एका वृद्ध मुख्याध्यापकांनीं आम्हांस हें सांगितलें होतें, व त्या वेळीं आम्हांस असें वाटलें होतें कीं ही हांक अंतःकरणांत कोठें तरी ऐकूं येत असावी. या मुलाची हांक अंतःकरणांतून आली नव्हती. ती पांच शेजाऱ्यांच्या बांधावरून आली होती. आणि तो ‘ओ’ देऊनही बसला होता; फक्त तें काम आहे, हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें.

“तूं मृद्‌शास्त्रज्ञ हो,” असें आम्हीं त्यास सांगितलें नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी तहसील कचेरींत आहे. त्याच्या शेजारीं दोन दिवस बसावयास सांगितलें. नंतर दोन दिवस एका साखर कारखान्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेंत. रोज रात्रीं वहींत एवढेंच लिहावयाचें, कीं कोणत्या वेळीं घड्याळाकडे पाहिलें व कोणत्या वेळीं पाहिलें नाहीं. कचेरींतील दोन दिवसांविषयीं त्यानें तक्रार लिहिली नाहीं; उलट सातबाऱ्यावरील नोंदींसाठीं खेपा घालणाऱ्या म्हाताऱ्यांविषयीं फार चांगलें लिहिलें. पण प्रयोगशाळेंतील दोन दिवसांचीं पानें संपतां संपेनात.

एवढ्यावर गोष्ट संपती तर फार सोयीचें झालें असतें. परंतु त्याच्या पदवीवर कृषि विद्यापीठांतील त्या विषयाच्या पदव्युत्तर वर्गाचें दार उघडेना. प्रयोगशाळेंत जागा मिळाली ती रोजंदारीची. आणि एके दिवशीं सकाळीं वडील आमच्या ओसरीवर येऊन बसले. चहास हात लावीनात. म्हणाले, “गुरुजी, माती तपासायला त्याला एवढं शिकवलं व्हय? माती तर आमी जल्मभर तपासली.” धाकट्या मुलीचें लग्न, सोसायटीचें कर्ज, हें सगळें त्यांनीं मोजून सांगितलें. त्यांतील एकही आंकडा खोटा नव्हता. मुलाचें मन रमतें आहे, या वाक्यानें सोसायटीचा हप्ता फिटत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. तीस वर्षें शिक्षकाच्या पगारावर आम्हीं संसार केला आहे. शेवटीं असें ठरलें कीं, मुलानें स्पर्धापरीक्षेस दोन वेळां बसावें, दोहोंहून अधिक नाहीं, व तोंवर प्रयोगशाळेंतील काम सोडूं नये. हें आम्हीं कागदावर लिहिलें, व बापलेकांनीं त्याखालीं सह्या केल्या. पहिल्या खेपेस तो पूर्व परीक्षा उत्तीर्ण झाला, मुख्य परीक्षेंत राहिला. दुसरी खेप या वर्षीं आहे. दरम्यान निचऱ्याच्या नळांसाठीं त्याच्या शिवारांतील सात शेतकरी तयार झाले आहेत, दोघे अद्याप नाहींत; त्यांपैकीं एक त्याचा सख्खा चुलता. वडील पाहुण्यांत आतां “पोरगा कारखान्यात हाय” असें सांगतात. काय करतो तें सांगत नाहींत.

कामास लागलेल्या मनाकडे बाहेरच्या कोणीं तरी वेळेवर पाहिलें म्हणजे काय होतें, याचें सुप्रसिद्ध उदाहरण मुंबईंतील आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली हे लहानपणींच आईबापांविना पोरके झाले व मामांच्या घरीं वाढले. दहा-बारा वर्षांचे असतां त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हें घरीं कोणास सांगतां येईना, म्हणून मामांनीं मुलास बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड साहेब यांजकडे पाठविलें. साहेबांनीं मुलास हांकलून न देतां एकामागून एक खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले. पुढें सालिम अली कॉलेजांत गणितास कंटाळून ब्रह्मदेशांत घरच्या व्यापारासाठीं गेले. परत आल्यावर व्यापारी शिक्षण घेऊं लागले. तेव्हां सेंट झेवियर कॉलेजांतील फादर ब्लाटर, जे स्वतः थोर वनस्पतिशास्त्रज्ञ होते, यांनीं या तरुणाचा खरा ओढा ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकण्याविषयीं त्याचें मन वळविलें. तेव्हां एकीकडे व्यापारी वर्ग व दुसरीकडे प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास त्यांनीं केला.

नोकरीच्या दृष्टीनें पाहतां हा सल्ला फळला असें म्हणवत नाहीं. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळें सरकारी खात्यांतील जागा त्यांस मिळाली नाहीं. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्यें लोकांस माहिती सांगण्याची जागा मिळाली; तेथून रजा घेऊन ते जर्मनीस शिकावयास गेले, आणि १९३० सालीं परत येतात तों ती जागाच रद्द झालेली! मग अलिबागेजवळ किहीम येथें जाऊन राहिले, आणि झाडाला लोंबणारीं सुगरणीचीं घरटीं पाहत बसले. त्या निरीक्षणांतून जो निबंध निघाला, त्यानें त्यांचें नांव झालें. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचें पुस्तक १९४१ सालीं आलें, आणि आजही तें लोक पिशवींत घालून रानांत जातात. ते सुखवस्तु घराण्यांतले होते व किहीमला जाऊन पक्षी पाहण्याची चैन अडीच एकरवाल्यास परवडत नाहीं, हा आक्षेप आमचे विद्यार्थी घेतात, व तो आम्हांस मान्य आहे. तरी खण उघडून दाखविण्यास मिलर्ड साहेबांस पैसे पडले नव्हते.

याच कारणास्तव ‘जें आवडतें तेंच करा’ हा जो उपदेश आजकाल व्याख्यानांतून व मोबाईलवरून मुलांस ऐकविला जातो, त्याच्यावर आमचा विश्वास नाहीं. ज्याच्या घरीं बसून खाण्याची सोय आहे, त्यानें तो अवश्य ऐकावा. वाणिज्य शाखेची एक मुलगी एकदां आमच्यासमोर येऊन बसली व स्पष्ट म्हणाली, “सर, मला ध्येय वगैरे नको. मला पगार हवा. वडील नाहींत, आई शिवणकाम करते, धाकटा भाऊ सातवींत आहे.” तिच्याशीं आम्ही कल व आवड यांविषयीं चकार शब्द बोललों नाहीं. बँकेच्या लेखनिक परीक्षेचा अभ्यासक्रम काढला, कामाचे तास मोजले, व दोन वर्षांचा हिशेब मांडला. आज ती एका खेड्यांतील शाखेंत आहे. काम आवडतें काय, असें विचारलें तर हंसते. दुसऱ्या व चवथ्या शनिवारीं बँकेस सुटी असते. त्या शनिवारीं ती आमच्या खोलींत येऊन मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते. कोणत्या कागदावर कोणाची सही लागते, हें तिच्याइतकें आम्हांस कधींच जमलें नाहीं. तिच्या टेबलापुढील रांग आमच्यापुढील रांगेहून लांब असते, हें प्रांजळपणें नमूद करावें लागतें.

व्हिएन्ना येथील डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल यांचें नांव छळछावणीच्या अनुभवांवरील त्यांच्या पुस्तकामुळें जगास ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वीं, अगदीं विद्यार्थिदशेंत, १९२८ च्या सुमारास त्यांनीं आपल्या शहरांत तरुणांसाठीं मोफत सल्ला केंद्रें उघडलीं होतीं, ही गोष्ट आमच्या कामाच्या अधिक जवळची आहे. पुढें मंदीच्या काळांत बेकार तरुणांशीं त्यांचा संबंध आला. ‘मी बेकार आहें, म्हणजे मी निरुपयोगी आहें, म्हणजे माझ्या जगण्यास अर्थ नाहीं,’ असें तीं मुलें मनाशीं धरून बसलेलीं त्यांस आढळलीं. त्यांतील ज्यांस फ्रँकल यांनीं ग्रंथालयांत, तरुणांच्या मंडळांत, प्रौढांच्या वर्गांत बिनपगारी काम घ्यावयास लाविलें, त्यांची खिन्नता ओसरली. खिसा रिकामा होता तसाच राहिला, पोटांतील भूकही तशीच राहिली. हें निरीक्षण त्यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलें. स्पर्धापरीक्षेचा निकाल लागल्यावर जीं मुलें आठ-आठ दिवस घराबाहेर पडत नाहींत, त्यांच्याकडे आम्ही स्वतः जातों तेव्हां हें आमच्या ध्यानांत असतें. त्यांच्याशीं पुढच्या परीक्षेविषयीं बोलत नाहीं. ‘शनिवारीं खोलींत ये, अर्ज फार साचले आहेत, हात हवे आहेत,’ एवढेंच सांगतों. तें खोटें नसतें; जुलै महिन्यांत खरोखरच हात पुरत नाहींत. बहुतेक येतात. एक आला नाहीं. त्याच्या घरीं आम्ही अजून दर पंधरवड्यास जातों, व त्याची आई आम्हांस आंत घेते.

आपल्या शाळेंतून यंदां बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठीं ‘चांगल्या व्यवसायांची’ एक यादी या लेखाच्या शेवटीं द्यावी, अशी संपादकांची सूचना होती. ती आमच्यानें पुरी होणार नाहीं. त्याऐवजीं असें कळवितों कीं, कॉलेजांतील ही खोली या शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांसही मोकळी आहे. फी नाहीं. येतांना प्रमाणपत्रांची फाईल आणण्याचें कारण नाहीं. मागल्या महिन्यांत कोणीं न सांगतां केलेल्या कामांची टिपणी एका कागदावर करून आणावी. कांहींच केलें नसेल तर तसें लिहावें. वडील किंवा आई बरोबर आल्यास उत्तम. त्यांच्यासाठीं कँटीनमध्यें चहाची व्यवस्था आहे. खोली पश्चिमेकडची असल्यानें दुपारीं तापते, तरी चार वाजल्यानंतर यावें.